जेट बोटीचं माहितीपत्रक: आकडे पूर्ण वेगाचे, परीक्षा संथ वेगाची

पाण्यावरची यंत्रं : लेखांक ९

आउटबोर्ड इंजिन आणि त्याचा पंखा आपण मागच्या लेखांकात पाहिला. आता त्याच्या शेजारीच विकायला उभी असलेली जेट बोट. अमेरिकेत दर वर्षी पुढच्या सालाची मॉडेलं बाजारात येतात, चकचकीत माहितीपत्रकं निघतात आणि टेक्सास किंवा मिशिगनच्या तळ्याकाठी राहणारी मराठी कुटुंबंही ती चाळत बसतात. मालवण-तारकर्लीला जलक्रीडेचा व्यवसाय करणाऱ्यांचंही अशा यंत्रांकडे लक्ष असतं. पत्रकावर ठळक अक्षरांत छापलेलं असतं ते अश्वशक्ती आणि कमाल वेग. हे आकडे खोटे नसतात. पण पूर्ण थ्रॉटल देऊन बोट पळवण्याचा वेळ अख्ख्या दिवसात थोडाच. बाकी सगळा दिवस धक्क्याला लागण्यात, पोहणाऱ्या मुलांपासून अंतर राखण्यात, शेवाळातून बाहेर पडण्यात जातो. जेट बोटीचे गुणदोष तिथे कळतात, आणि पत्रक नेमकं त्याबद्दल कमीत कमी बोलतं. म्हणून हे पत्रक शेवटच्या ओळीपासून वर वाचत जावं, असं माझं ठाम मत आहे.

आधी यंत्र समजून घेऊ. बोटीच्या तळाला जाळी लावलेलं तोंड असतं. आत फिरणारा इम्पेलर त्यातून पाणी ओढतो, त्याच्या मागची स्थिर पाती पाण्याचा पीळ काढतात आणि निमुळत्या नॉझलमधून ते जोरात मागे फेकलं जातं. नॉझल डावी-उजवीकडे फिरवलं की बोट वळते. मागे जायचं असेल तर नॉझलवर एक वाटीसारखं झाकण उतरतं आणि झोत पुढच्या दिशेला वळवतं. बोटीखाली लोंबणारं काहीच नसतं.

हे यंत्र आज ज्या रूपात आपल्याला दिसतं, ते न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरच्या आयरिशमन क्रीक या मेंढपाळीच्या कुरणावर, १९५०च्या दशकात घडलं. बिल हॅमिल्टन या शेतकरी-अभियंत्याला तिथल्या उथळ, गोट्यांनी भरलेल्या नद्यांमधून प्रवाहाच्या उलट जायचं होतं आणि पंखा दर वेळी दगडावर आपटून मोडत होता. पाण्याचा झोत मागे फेकण्याची कल्पना त्यांच्या आधीही होती. त्यांनी सुरुवात केली ती हॅनली नावाच्या अमेरिकी यंत्रापासून. पण झोत पाण्याखाली सोडण्याऐवजी पाण्याच्या पातळीच्या वर, हवेत सोडला की बोट कितीतरी जोरात पळते, हे त्यांनी करून दाखवलं. १९६० साली त्यांच्या बोटी ग्रँड कॅन्यनमधून कोलोरॅडो नदी उलट दिशेने चढून गेल्या. १९७७ साली एडमंड हिलरींनी गंगासागरहून गंगेच्या उगमाच्या दिशेने मोहीम काढली, तीही तीन जेट बोटींतून. हॅमिल्टन यांचा मुलगा जॉन या मोहिमेत होता. नंदप्रयागजवळच्या धबधब्याने बोटी अडवल्या तिथपर्यंत त्या गेल्या. उथळ पाणी आणि जोराचा प्रवाह हे या यंत्राचं माहेर आहे. क्वीन्सटाउनच्या शॉटओव्हर नदीत पर्यटकांना घेऊन पळणाऱ्या बोटी जेमतेम १० सेंमी पाण्यावरून जातात.

आता थोडं गणित, कारण खर्चाचं सगळं कोडं त्यात आहे. बोटीला मिळणारा रेटा म्हणजे दर सेकंदाला फेकलेल्या पाण्याचं वस्तुमान गुणिले झोताचा वेग आणि बोटीचा वेग यांतला फरक. झोत बोटीच्या दुप्पट वेगाने मागे जात असेल, तर आदर्श स्थितीतही झोताला दिलेल्या ऊर्जेपैकी ६७ टक्केच बोट पुढे ढकलायला लागते. झोत चौपट वेगाचा असेल तर ४० टक्के, दीडपट असेल तर ८०. प्रत्यक्षात पंपाची आणि नळीची तूट याहून वेगळी. याचा अर्थ असा की बोट संथ असताना जेट पेट्रोल उधळतं आणि बोट जोरात पळू लागली की सुधारतं. मोठ्या पंख्याचं उलट असतं: तो भरपूर पाणी हळू ढकलतो, म्हणून संथ वेगात त्याचा हात कुणी धरू शकत नाही. तळ्यावर तासन्‌तास रेंगाळत मासे पकडायचे असतील तर जेट घेऊ नये. पत्रकात काहीही लिहिलेलं असो.

दुसरी गोष्ट, इम्पेलर खाईल ती शक्ती फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात वाढते. कमाल फेऱ्यांच्या ८० टक्क्यांवर इंजिन चालवलं तर लागणारी शक्ती साधारण निम्मी होते. यामाहाचं १,८१२ घनसेंमीचं चार सिलिंडरांचं इंजिन मिनिटाला सुमारे ७,५०० फेऱ्या घेतं, सी-डूच्या यंत्रांमधली रोटॅक्स इंजिनं ८,०००च्या आसपास. शेवटच्या हजारभर फेऱ्या सर्वांत महाग पडतात. म्हणून बोटीच्या चाचणीचा अहवाल मिळाला तर कमाल वेगाची ओळ सोडून मधल्या ओळी बघा. समजा, ६,००० फेऱ्यांना ताशी ४५ किमी वेग आणि तासाला ३६ लिटर पेट्रोल, तर लिटरला सव्वा किलोमीटर. ७,५००ला ताशी ७० किमी आणि ७५ लिटर, तर लिटरला एक किलोमीटरही नाही. त्याच्या खालची, ३,००० ते ४,००० फेऱ्यांमधली ओळ तर हमखास बघावी. तिथे बोटीची नाळ वर उचललेली असते, ती धड पाण्यावर तरंगत सरकतही नाही आणि धड पाणी कापत चालतही नाही, आणि पेट्रोल मात्र जात राहतं. हा टप्पा जी बोट भरल्या वजनानिशी लवकर ओलांडते तिचा तळ चांगला घडवलेला आहे, असं समजायला हरकत नाही.

आता ज्या मुद्द्यासाठी मी हा लेखांक लिहायला घेतला तो. जेट बोटीला वेगळं सुकाणूचं पातं नसतं. झोत हेच सुकाणू. समोर काही आडवं आलं की नवख्या माणसाचा हात आपोआप थ्रॉटलवरून सुटतो, झोत थांबतो आणि बोट वळायचंच विसरते, सरळ त्या वस्तूकडे जाते. पाण्यावरच्या स्कूटरच्या कितीतरी अपघातांमागे हेच कारण आहे. शिवाय बहुतेक लहान जेट बोटींत इंजिन आणि इम्पेलर यांच्यात गिअरबॉक्स नसतो. इंजिन सुरू झालं की इम्पेलर फिरतोच. ‘न्यूट्रल’ म्हणजे मागची वाटी अर्धी उतरवून पुढचा आणि मागचा रेटा सारखा करणं, एवढंच. त्यामुळे इंजिन सुरू असताना तळाच्या तोंडाजवळ दोरी, लांब केस, पोहण्याचे सैल कपडे ओढले जाऊ शकतात, आणि मागून निघणारा झोत शरीराला गंभीर इजा करू शकतो. पंखा नाही म्हणजे धोका नाही, हा विक्रेत्यांच्या तोंडी असलेला समज मुलांना घेऊन जाणाऱ्या कुटुंबांनी मनातून काढून टाकायला हवा. पंख्याच्या पात्यांची भीती नाही, हे खरं. पण मागच्या फळीवर कुणी बसलेलं असताना इंजिन सुरू ठेवायचं नाही, हा नियम जेटलाही तेवढाच लागू आहे; धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडमुळेही.

म्हणून नवीन मॉडेलात पहिल्यांदा शोधायचं ते थ्रॉटल सोडल्यावर वळता न येण्याच्या दोषावर कंपनीने काय उपाय केला आहे ते. सी-डूने २००९ साली आपल्या स्कूटरवर ब्रेक आणला: लिव्हर दाबली की वाटी खाली येऊन झोत उलटतो, आणि झोत चालू असल्यामुळे वळताही येतं. २०२१च्या ऑगस्टमध्ये आलेल्या सी-डूच्या ‘स्विच’ या पॉन्टून बोटीला हीच यंत्रणा आणि सायकलसारखा हँडल दिला आहे. आली तेव्हा ती १३ फुटांपासून मिळत होती, इंजिन १००, १७० किंवा २३० अश्वशक्तीचं. नवशिक्यांसाठी तिचा विचार झाला आहे, हे मला आवडतं. यामाहाने वेगळा मार्ग धरला: नॉझलच्या खाली, नॉझलबरोबरच वळणारी कील, म्हणजे पाण्यात उतरलेली उभी पट्टी. थ्रॉटल सोडला तरी ती थोडंफार वळण देते आणि संथ वेगात बोटीचं भरकटणं कमी करते. त्यांच्या काही मॉडेलांत स्टिअरिंगमागच्या पॅडलांनी हात चाकावरून न उचलता पुढे-मागे हलता येतं. मोठ्या २७ फुटी बोटीत जॉयस्टिकही मिळते. धक्क्याजवळ आडवा वारा असताना या सोयींचं मोल २० जादा अश्वशक्तीपेक्षा मोठं आहे.

यानंतर तळाच्या तोंडाची गोष्ट, आणि इथे आपल्याकडच्या पाण्याचा विचार करायलाच हवा. आपल्या नद्या-तलावांत जलपर्णी आहे, खाड्यांत प्लास्टिकच्या पिशव्या आणि जाळ्यांचे तुकडे आहेत. जेट हे सगळं ओढून घेतं. जाळीवर पिशवी बसली की इंजिनाच्या फेऱ्या चढतात आणि बोट जागची हलत नाही. मग बोटीखाली शिरून हात घालावा लागणार, की मागच्या फळीवरचं झाकण उघडून वरूनच कचरा काढता येणार? यामाहाच्या बोटींत अशी झाकणं असतात, इंजिन बंद करून उघडायची. मालवणच्या व्यावसायिकाने माझा सल्ला विचारला तर पत्रकातली पहिली ओळ ही बघायला सांगेन. वाळूचंही तसंच. इम्पेलर आणि त्याभोवतीचं कडं यांत मिलिमीटरचा अंशच काय तो मोकळा असतो. किनाऱ्यावर घासून इंजिन सुरू केलं तर वाळू ते कडं खाते, फट वाढते आणि जोर कमी होतो. १० सेंमी पाण्यावरून जाता येतं ते पळत असताना. उभ्या बोटीने तिथे इंजिन सुरू करायचं नाही. कडं बदलता येतं का, किती वेळात, आणि सुटा भाग जवळ मिळतो का, हे विचारावं.

खाऱ्या पाण्यासाठी आणखी एक ओळ. यामाहाची इंजिनं बाहेरचंच पाणी आतून फिरवून थंड होतात, म्हणून समुद्रातून आल्यावर दर वेळी गोड्या पाण्याने धुवावीच लागतात. रोटॅक्समध्ये इंजिनाभोवती कूलंट फिरतं आणि तळाच्या धातूच्या पट्टीतून उष्णता पाण्यात जाते. इंजिनाच्या आतली वाट त्यामुळे क्षारांपासून वाचते. एक्झॉस्ट आणि पंप मात्र धुवावेच लागतात. कोकण-गोव्याला मी दुसऱ्या पद्धतीला झुकतं माप देईन, पण सर्व्हिस देणारा माणूस जवळ असेल तरच. सुपरचार्जरचं इंजिन असेल तर वरच्या ऑक्टेनचं पेट्रोल लागतं, हेही हिशेबात धरावं.

वजनाचा आकडा नेहमी कोरड्या बोटीचा असतो. २०० लिटरची टाकी भरली की सुमारे १५० किलो वाढतात, दहा माणसं चढली की साडेसातशे. अमेरिकेत २० फुटांच्या आतल्या बोटींवर किती माणसं आणि किती वजन चालेल याची पाटी लावणं कायद्याने बंधनकारक आहे. त्याहून मोठीवर ती नसेल तर पुस्तिकेत शोधा. तसंच २६ फुटांच्या आतल्या बोटी चालवणाऱ्याने इंजिन बंद करणारी दोरी किंवा मनगटी वापरावी, हा नियम १ एप्रिल २०२१पासून तिथे लागू आहे. ती दोरी सहज हाताला लागते का, तेवढं बघून घ्या.

एक इंजिन की दोन? दोन असली की धक्क्याला बोट जागच्या जागी वळवता येते आणि एक बंद पडलं तर घरी परतता येतं, हळूहळू का होईना. त्याबरोबर देखभालही दुप्पट होते. घरगुती वापराला २० फुटांच्या आत एक पुरतं.

यंत्र टिकतं, कंपनीचा विचार बदलतो. २०१२ साली सी-डूच्या मालकांनी, बीआरपीने, आपल्या स्पोर्ट बोटींचं उत्पादन थांबवलं, आणि नऊ वर्षांनी अगदी वेगळ्या आकाराची ‘स्विच’ आणली. नवीन मॉडेलाच्या पहिल्या वर्षी खरेदी करणाऱ्याने सुट्या भागांचा आणि पुढच्या विक्रीचा विचार करावा तो यासाठी.

हेच तंत्र मोठ्या आकारात पाहायचं असेल तर भारतीय नौदलाची ‘अर्नाळा’ आहे. १८ जून २०२५ला विशाखापट्टणमला ती नौदलात दाखल झाली. ७७.६ मीटर लांबीची ही नौका दाखल झाली तेव्हा डिझेल इंजिन आणि वॉटरजेटवर चालणारी नौदलाची सर्वांत मोठी नौका होती, आणि तिचं नाव वसईजवळच्या आपल्या अर्नाळ्याच्या किल्ल्यावरून ठेवलं आहे. किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात पाणबुड्या शोधणं हे तिचं काम. अशा पाण्यात तळाखाली लोंबणारा पंखा नको, हे हॅमिल्टन यांचंच कारण इथेही लागू पडतं.

बोट पाण्यावर नेऊन बघायची संधी मिळाली तर विक्रेता पहिल्यांदा पूर्ण थ्रॉटल देईल. देऊ द्या. त्यानंतर स्वतः चाक घ्या. मोकळ्या पाण्यात, ताशी दहा-बारा किलोमीटर वेगात, थ्रॉटल सोडून चाक फिरवा आणि बोट किती वळते ते पाहा. मग धक्क्याशी तीन वेळा लावा, एकदा वाऱ्याच्या बाजूने. सगळ्यांना बसवून, टाकी भरून ती पाण्यावर उचलायला किती सेकंद लागतात ते मोजा. इंजिन बंद करून मागची झाकणं उघडा आणि आत हात जातो का ते बघा. एवढं झाल्यावर किमतीचं बोलणं सुरू करा.

पुढच्या लेखांकात विजेवर चालणाऱ्या लहान बोटी आणि त्यांच्या बॅटऱ्या.