हृदयविफलतेतील फुप्फुसीय उच्चरक्तदाब व उजव्या निलयाचे कार्य : वाशिम जिल्ह्याच्या संदर्भात

प्रस्तावना :
हृदयविफलता अर्थात हार्ट फेल्युअर म्हटले की प्रथम डाव्या निलयाचा विचार होतो व इकोकार्डिओग्राफीच्या अहवालातील ‘इजेक्शन फ्रॅक्शन’ या एकाच आकड्यावरून प्रकृतीचे अनुमान काढले जाते. तथापि रुग्णाचे भवितव्य पुष्कळदा उजव्या निलयावर अवलंबून असते. प्रस्तुत लेखात या दुर्लक्षित बाजूचे विवेचन केले आहे.

दाबवाढीची कारणमीमांसा :
डावे निलय कमकुवत अथवा ताठर झाल्यास डाव्या अलिंदातील दाब वाढतो व तो फुप्फुस शिरांमार्गे मागे फुप्फुस धमनीपर्यंत पोहोचतो. या धमनीतील सरासरी दाब निरोगी अवस्थेत सुमारे 14 मिमी पारा असतो. 2022 च्या युरोपीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार तो 20 पेक्षा अधिक असल्यास फुप्फुसीय उच्चरक्तदाब मानला जातो. ही स्थिती दीर्घकाळ राहिल्यास सूक्ष्म धमन्यांच्या भिंती जाड होऊन अडथळा कायमचा होऊ लागतो.

उजव्या निलयावरील परिणाम :
उजव्या निलयाची भिंत पातळ असते. वाढीव रक्त सामावून घेणे त्यास जमते. वाढीव दाबाविरुद्ध रक्त ढकलणे फार काळ जमत नाही. ते प्रथम जाड होते, नंतर प्रसरण पावते, त्रिदल झडप गळू लागते व रक्त शिरांत तुंबते. मानेच्या शिरा फुगणे, पायांवर सूज, पोटात पाणी होणे ही त्याची लक्षणे होत. त्यामुळे मूळ हृदयविकार यकृताचा वा मूत्रपिंडाचा आजार भासू शकतो.

मापन व जिल्ह्याची स्थिती :
त्रिदल झडपेतील गळतीचा वेग सेकंदाला 3 मीटर असल्यास दाबांतील फरक 4 × 3² म्हणजे 36 मिमी पारा होतो. त्यात उजव्या अलिंदातील दाब मिळविला की फुप्फुस धमनीतील आकुंचनकालीन दाबाचा अंदाज येतो. आकुंचनाच्या वेळी झडपेचे कडे किती सरकते, हे ‘टॅप्से’ दर्शविते. 17 मिमीपेक्षा कमी सरकणे दुर्बलतेचे लक्षण होय. टॅप्से 14 व दाब 50 असल्यास गुणोत्तर 0.28 येते, 0.36 पेक्षा कमी गुणोत्तर धोक्याचे समजले जाते.

1 जुलै 1998 रोजी निर्माण झालेल्या वाशिम जिल्ह्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन 9 ऑक्टोबर 2024 रोजी झाले. अशा नवोदित व्यवस्थेत प्रत्येक रुग्णाची कॅथेटर तपासणी शक्य नाही व आवश्यकही नाही. इको यंत्र जेथे आहे तेथे उपरोक्त मापे नोंदविण्यास सहसा नवीन उपकरण लागत नाही.

निष्कर्ष :
उपचाराचा रोख मूळ डाव्या हृदयविकारावर व साचलेले पाणी कमी करण्यावर असावा. सिल्डेनाफिलसारखी औषधे फुप्फुस धमन्यांच्या स्वतंत्र विकारासाठी आहेत. डाव्या हृदयामुळे वाढलेल्या दाबात त्यांची सरसकट शिफारस नाही, कारण धमन्या सैल होऊन आधीच भारावलेल्या डाव्या अलिंदाकडे अधिक रक्त गेल्यास फुप्फुसात पाणी होण्याचा धोका असतो. म्हणून औषध ठरविण्यापूर्वी दाबाचे मूळ निश्चित करणे अगत्याचे ठरते.