पत्र्याच्या डब्याची पंचवीस वर्षे

घरी जुळवायच्या कॉम्प्युटरची यादी कागदावर उतरली की कॅबिनेट सगळ्यात खाली असते आणि पैसे कमी पडले की पहिली कात्री तिथेच लागते. प्रोसेसर ठरलेला, रॅम ठरलेली. डबा काय, कुठलाही चालेल. कोरड्या हवेच्या गावात हे खपतही असेल. कुंभार्ली घाटाच्या पायथ्याच्या अलोऱ्यात ते खपत नाही. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, जून ते सप्टेंबर लादीला पाणी सुटते आणि कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्यावर पांढरी बुरशी धरते. त्या हवेत लोखंडी पत्र्याचा डबा काय अवस्थेत राहतो, याचा हा गेल्या पंचवीसेक वर्षांचा मागोवा.

अलोऱ्याला कॉम्प्युटर तसा लवकर आला, तो कोयना प्रकल्पाच्या वसाहतीमुळे. कोळकेवाडी धरणाच्या पायथ्याचे तिसऱ्या टप्प्याचे वीजगृह म्हणजे ८० मेगावॉटचे चार संच. ते सांभाळणारी माणसे क्वार्टर्समध्ये राहायची आणि त्यांना उघडलेल्या यंत्राची भीती नव्हती. नव्वदीच्या अखेरीस मुंबईला गेलेला कोणी लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणायचा, थर्माकोलचा खोका रातराणीत मांडीवर घेऊन चिपळूणला उतरायचा आणि रविवारी सकाळी स्क्रू ड्रायव्हर घेऊन चार शेजारी जमायचे. ब्रँडेड मशीन परवडत नव्हते, म्हणून ‘असेंबल्ड’. पुढे सरकारी नोकरीला एमएस-सीआयटीचे प्रमाणपत्र लागू लागले, तेव्हा गावातल्या घरांतही हे खोके शिरले.

तेव्हाची कॅबिनेटे एटी जातीची, पिवळट पांढरी. दर्शनी बाजूला टर्बोचे बटण, कुलपाची किल्ली आणि लाल-हिरवे आकडे दाखवणारी छोटी पाटी. त्या आकड्यांचा प्रोसेसरच्या वेगाशी काही संबंध नसे. मागे जंपर लावून दुकानदार हवा तो आकडा उमटवायचा. पण या डब्यातली खरी भानगड समोरच्या पॉवर बटणात होती. त्या बटणापर्यंत घरातली २३० व्होल्टची वायर थेट आलेली असायची. कॉम्प्युटर बंद करताना विंडोज ९५ ‘आता बंद करायला हरकत नाही’ असे पडद्यावर सांगे आणि मग आपण हाताने खटका दाबायचा. इंटेलने १९९५ साली एटीएक्सचे माप काढले आणि ही वायर पुढून गेली. नव्या बटणात फक्त पाच व्होल्टचा इशारा उरला.

तरीही झिणझिण्या गेल्या नाहीत. ‘बॉडी शॉक मारते’ ही तक्रार या भागात जवळजवळ प्रत्येक कॉम्प्युटरवाल्या घरात ऐकली आहे. कॅबिनेटच्या मागच्या स्क्रूला टेस्टर लावला की दिवा मंद पेटायचा. वीजगृहातल्या माणसांनीच त्याचा उलगडा केला. एसएमपीएसच्या, म्हणजे कॅबिनेटमधल्या वीजपुरवठ्याच्या खोक्याच्या, तोंडाशी विजेतला गोंगाट गाळायला दोन छोटे कपॅसिटर असतात. एक फेजकडून येतो, दुसरा न्यूट्रलकडून, आणि दोघांचे दुसरे टोक पत्र्याला जोडलेले असते. पत्रा जमिनीला नीट जोडलेला असेल तर ही गळती निमूट मातीत जाते. जोडलेला नसेल तर पत्र्यावर निम्मा दाब, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास, तरंगत राहतो. प्रवाह अगदी किरकोळ असतो, पण ओल्या लादीवर अनवाणी उभ्या माणसाला तो कळतो. वसाहतीत निदान अर्थिंग होते. बाहेरच्या घरांत तीन पिनांच्या सॉकेटमधले वरचे भोक बऱ्याचदा शोभेचे असे. आणि जिथे अर्थिंगचा खड्डा होता तिथेही जांभ्याच्या जमिनीत पाणी ठरत नाही, मे महिन्यात खड्डा कोरडा ठणठणीत. जाणते लोक कोळसा-मीठ भरून उन्हाळ्यात त्यात बादलीभर पाणी ओतायचे.

गंमत पुढे आहे. अगदी स्वस्त कॅबिनेटला झिणझिण्या कमी येत, आणि लोक त्याला चांगले म्हणत. प्रत्यक्षात खर्च वाचवायला ते गाळणीचे भागच त्या एसएमपीएसमधून वगळलेले असत. २००० नंतर हजार-दीड हजारात ‘एसएमपीएससह’ मिळणाऱ्या डब्यांवर ४५० वॉटचे लेबल असायचे. हातात घेतले की पिशवीसारखे हलके. आत तांबे कमी, ॲल्युमिनियमची उष्णतापट्टी पातळ, आणि लेबलावरचा आकडा फक्त लेबलावर. पेंटियम-३ ला तेही पुरले, कारण तो तीसेक वॉटवर भागवायचा. २००४ साली पेंटियम-४ चा प्रेस्कॉट आला, तो शंभरच्या आसपास खायचा. तेव्हा मात्र चतुर्थीच्या सुट्टीत आलेल्या पोरांचे गेम मध्येच बंद पडू लागले, आणि दोष मात्र एमएसईबीला.

त्याच सुमारास कॅबिनेटच्या कुशीला गोल भोक आणि आतून प्लॅस्टिकचे नळकांडे दिसू लागले. प्रोसेसरच्या पंख्याला बाहेरची थंड हवा सरळ मिळावी ही इंटेलची सूचना. सूचना शहाणी होती, पण तिने आमच्याकडे नवी पाहुणी आणली. कुंभारीण. ही माशी चिखलाचे घरटे बांधायला नेमके असे भोक शोधते. मागच्या बाजूला मोडेमच्या जागेची पट्टी एकदा तोडली की स्वस्त डब्यात ती परत बसत नाही, तिथेही तिचे मडके तयार. तिच्यामागून पाल. एसएमपीएसच्या उबेला आलेली पाल आत चिकटून मेली की वास येईपर्यंत कळत नाही, कधी त्याआधीच फट् असा आवाज होतो. उपाय फार साधा निघाला. खिडकीला लावायची डासांची जाळी कात्रीने कापायची आणि भोकावर आतून चिकटवायची. आज कंपन्या धूळगाळणी म्हणून जे चुंबकाने बसवून देतात, ते इथे गोंदाने आधीपासून बसत होते.

गंज मात्र जाळीने थांबत नाही. कॅबिनेटचा पत्रा जस्ताचा मुलामा दिलेला असतो, पण कापलेल्या कडेवर जस्त नसते, आणि गंज तिथूनच सुरू होतो. आधी स्क्रूची डोकी तांबूस होतात, मग पट्ट्यांच्या कडा, मग मदरबोर्डखालचे पितळी खुंट सोडून सगळे. स्वस्त डब्याचा पत्रा अर्धा मिलिमीटर किंवा त्याहूनही पातळ. त्याच्या न दुमडलेल्या कडांनी बोटे कापतात हे जुळवणाऱ्या कुणालाही विचारा. पण थोडा जाड, कडा दुमडलेला आणि आतूनही रंगवलेला पत्रा मी याच हवेत पंधरा-पंधरा वर्षे टिकलेला पाहिला आहे. अट एकच, मशीन पावसाळ्यात रोज थोडा वेळ तरी चालू हवे. आतली ऊब हीच ओलीवरची मात्रा. सुट्टीपुरते गावी येणाऱ्या मुंबईकरांची मशीने म्हणूनच आधी जातात.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचा पूर चिपळूणच्या बाजारपेठेत शिरला, आणि नंतर धुऊन उन्हात घातलेल्या डब्यांत चांगला पत्रा आणि वाईट पत्रा आठवड्याभरात वेगळा कळला. एसएमपीएस सगळेच फेकावे लागले.

मधल्या काळात डब्याचे रूप पार पालटले. फ्लॉपीची खाच गेली, डीव्हीडीची गेली, एसएसडी मदरबोर्डवरच बसू लागल्याने हार्डडिस्कचे पिंजरेही गेले. एसएमपीएस वरून तळाला आला आणि त्याचा पंखा लादीकडे तोंड करून हवा ओढू लागला. ओल्या लादीच्या घरात ही रचना मला आजही पटत नाही. खाली लाकडी पाट ठेवल्याशिवाय असे मशीन सुरू करू नये. साधारण २०१६ पासून कुशीला काच आली, पुढे रंगीत दिव्यांचे पंखे. काचेच्या मोहाने कितीतरी स्वस्त डब्यांचे तोंडही काचेने बंद झाले, हवा आत जायची कुठून याचा विचारच नाही. मग बाजाराला अक्कल आली आणि गेली काही वर्षे तीन-चार हजारांत समोर जाळी, आत तीन पंखे असे डबे मिळू लागले. स्वस्तात इतकी चांगली हवा पूर्वी कधीच मिळाली नव्हती, हे मान्य केले पाहिजे. आता घाट उतरून कुरियरने खोका येतो, फक्त काच शाबूत येईल याची हमी नाही.

आज कोणी मला विचारले तर मी सांगतो, एसएमपीएस जोडून येणारे कॅबिनेट घेऊ नका. डब्यात हजार वाचवा आणि ते नावाजलेल्या एसएमपीएसवर घाला. मायक्रो एटीएक्स पुरते. २४४ मिलिमीटरच्या चौकोनी बोर्डाला मोठा वाडा लागत नाही, आणि लहान खोका पावसाळ्यात उबदार ठेवणे सोपे. काच टाळा. दुकानात कुशीचा पत्रा अंगठ्याने मध्यभागी दाबून पाहा, टण्णकन आत जाऊन परत आला तर पुढचे बघा. पंख्याचे दिवे किती रंगांचे, हे दुकानदार न विचारता सांगेल, पत्र्याची जाडी तुम्हालाच विचारावी लागेल.

आणि नवे घेण्याआधी माळ्यावर नजर टाका. एटीएक्सची भोके १९९५ पासून तीच आहेत. २००३ सालच्या जाड पत्र्याच्या कॅबिनेटात आजचा ६५ वॉटचा प्रोसेसर, वेगळे ग्राफिक्स कार्ड नसेल तर, आरामात बसतो. प्रोसेसरवरचा पंखा फार उंच घेऊ नका, जुना एसएमपीएस काढून टाका, पुढे एक १२० मिलिमीटरचा पंखा बसतो का पाहा. तसे कॅबिनेट घरात असेल तर भंगारवाल्याला किलोवर देऊ नका.