इबादान १.३५, इंडियानापोलिस ३.२४

दर तीन सेकंदांना जगात कुठे ना कुठे एका माणसाला डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश जडतो. वर्षाकाठी हे रुग्ण कोटीच्या घरात जातात. २०१९ साली जगात डिमेन्शियाचे ५.७४ कोटी रुग्ण होते आणि २०५० पर्यंत ते १५.२८ कोटी होतील, असा अंदाज आहे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११.२४ कोटी होती. तो अख्खा महाराष्ट्र, तान्ह्या बाळांसकट, या आकड्यात बसवला तरी वर चार कोटी माणसं उरतात.

एवढा मोठा आकडा समोर आला की वाटतं, म्हातारपण सगळ्यांनाच येतं, तसा हा आजारही सगळ्यांच्या वाट्याला सारखाच येत असणार. पण आकड्याची फोड केली की हा समज टिकत नाही.

कॅलिफोर्नियाच्या उत्तर भागात कायझर पर्मनंटे ही मोठी आरोग्यसंस्था आहे. तिच्या चौसष्टी गाठलेल्या किंवा ओलांडलेल्या २,७४,२८३ सभासदांच्या नोंदी संशोधकांनी २००० ते २०१३ अशी चौदा वर्षं तपासल्या. हजार माणसांमागे वर्षाला किती जणांना नव्यानं डिमेन्शिया होतो, एवढंच मोजायचं होतं. कृष्णवर्णीयांत हे प्रमाण २६.६ निघालं, मूळ अमेरिकी आदिवासींत २२.२, लॅटिनोंमध्ये १९.६, गौरवर्णीयांत १९.३ आणि आशियाई वंशाच्या लोकांत १५.२. पहिल्या आणि शेवटच्या गटांतला हजारामागे ११.४ चा फरक किरकोळ वाटेल. लाख माणसं घेतली, तर हाच फरक दरवर्षी ११४० जादा घरांचा होतो आणि पुढच्या वर्षी त्यात नव्या ११४० घरांची भर पडते. पासष्टीतल्या शंभर कृष्णवर्णीयांपैकी ३८ जणांना पुढच्या पंचवीस वर्षांत हा आजार गाठण्याची शक्यता दिसली. गौरवर्णीयांत हा आकडा ३० आहे. हे सगळे एकाच संस्थेचे विमाधारक, दवाखाने तेच आणि औषधांची यादीही तीच. त्यामुळे ‘गरिबाला डॉक्टर परवडत नाही’ या एका कारणावर हा फरक ढकलता येत नाही.

मग हे रक्तातच आहे का? या प्रश्नाला उत्तर देणारा अभ्यास त्याआधीच झाला होता. पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या माणसांचे वंशज अमेरिकेत इंडियानापोलिसमध्ये राहतात, तर नायजेरियातल्या इबादानमध्ये योरुबा समाज आजही आहे. दोन्हीकडच्या पासष्टीपुढच्या लोकांना संशोधकांनी एकाच पद्धतीनं तपासलं: इबादानमधले २,४५९ आणि इंडियानापोलिसमधले २,१४७. निष्कर्ष २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. इबादानमध्ये वर्षाला १.३५ टक्के लोकांना नव्यानं डिमेन्शिया होत होता, इंडियानापोलिसमध्ये ३.२४ टक्के. मूळ एका भूभागातलं, तरी प्रमाण २.४ पट. अल्झायमर या डिमेन्शियाच्या प्रकाराचा धोका वाढवणारं जनुक दोन्ही शहरांत आढळत होतं, पण इबादानमध्ये त्याचा तितकासा प्रभाव दिसला नाही. इबादानच्या म्हाताऱ्यांचं कोलेस्टेरॉल कमी होतं आणि रक्तदाब व मधुमेहाचं प्रमाणही कमी होतं. तेव्हा कॅलिफोर्नियाच्या तक्त्यात ज्या रकान्यावर ‘वंश’ लिहिलेलं आहे, त्यात पुष्कळसा पत्ता दडलेला आहे.

हा पत्ता माणूस सोडून गेला तरी त्याला सोडत नाही. मिसिसिपी, अलाबामा, लुइझियाना अशा काही अमेरिकी राज्यांत पक्षाघातानं होणारे मृत्यू फार. तशा नऊ राज्यांत जन्मलेली आणि पुढे कॅलिफोर्नियात स्थायिक झालेली माणसं २०१७ च्या एका अभ्यासात पाहिली गेली. वय, लिंग आणि वंश हिशेबात धरूनही त्यांना डिमेन्शिया होण्याचा धोका इतरांपेक्षा २८ टक्के जास्त निघाला. घर बदललं, हवामान बदललं, डॉक्टर बदलले, तरी जन्मगावाचा आकडा सत्तरीत पुढे आलाच. त्या अभ्यासातले कृष्णवर्णीय त्या नऊ राज्यांत जन्मलेले असण्याची शक्यता इतरांच्या साडेनऊ पटींहून अधिक होती. दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय मुलांच्या शाळा तेव्हा वेगळ्या असत. त्यांना पैसा कमी मिळे आणि त्यांच्या शिक्षकांना पगारही कमी. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं अशा विभक्त शाळा घटनाबाह्य ठरवल्या त्या १९५४ मध्ये. त्या वर्षी पहिलीत बसलेलं मूल आज पंचाहत्तरीच्या पुढे आहे, म्हणजे नेमकं डिमेन्शियाच्या वयात.

कॅलिफोर्नियाच्या तक्त्यात आपलीही माणसं आहेत. कायझरच्याच नोंदींतून आशियाई गट वेगवेगळे काढले, तेव्हा सर्वांत कमी प्रमाण दक्षिण आशियाई लोकांत आढळलं, हजारी बाराच्या आसपास. भारतीय मेंदू काटक असतो, असा अर्थ कुणी काढील, तर त्यानं भारतातले आकडेही पाहावेत. साठीपुढच्या ४,०९६ जणांच्या तपासणीवरून देशाचं प्रमाण ७.४ टक्के निघालं आहे, म्हणजे ८८ लाख रुग्ण. हा आकडा एकूण रुग्णांचा आहे आणि कॅलिफोर्नियाचा नव्या रुग्णांचा, त्यामुळे दोघांची थेट तुलना होत नाही. पण देशाच्या आतलीच दरी पाहा: शहरात ५.३, खेड्यात ८.४, पुरुषांत ५.८, बायकांत ९.० टक्के, दिल्लीत ४.५, तर जम्मू-काश्मीरमध्ये ११ टक्के. कॅलिफोर्नियाला पोचले ते बहुतेक शिकलेले, पगारदार. खेड्यातली सत्तरीची आजी शाळेची पायरी न चढताच घरकामाला आणि शेतीला जुंपली गेली. उगम एकच असूनही आयुष्यं दोन तऱ्हांची झाली.

फक्त ‘शाळा’ एवढंच उत्तर पुरत नाही, कारण इबादानचे म्हातारेही फारसे शिकलेले नव्हते. शिक्षण मेंदूला पुंजी देतं, तर रक्तदाब, साखर आणि चरबी त्या पुंजीला गळती लावतात. शाळा हुकलेली आणि वर रक्तदाबाची गोळीही न मिळालेली माणसं दोन्हीकडून मार खातात. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं २०२४ मध्ये टाळता येण्याजोगी १४ कारणं मांडली. अपुरं शिक्षण, बहिरेपण, रक्तदाब, मधुमेह, वाईट कोलेस्टेरॉल, धूम्रपान, एकटेपणा, प्रदूषित हवा ही त्यांतली काही. ही सगळी कारणं दूर झाली, तर जगातला ४५ टक्के डिमेन्शिया टाळता किंवा लांबवता येईल, असा त्यांचा हिशेब. २०५० च्या १५.२८ कोटींना तो लावला, तर ६.८८ कोटी येतात, म्हणजे २०१९ मधल्या जगातल्या एकूण रुग्णांपेक्षाही एक कोटीहून जास्त. प्रत्यक्षात सगळीच कारणं कधी संपणार नाहीत, हे खरं. पण चौदांपैकी पहिलं कारण, अपुरं शिक्षण, दहा-बारा वर्षांच्या वयात घडतं. या जूनमध्ये जी मुलगी पाचवीतून गळेल, तिची नोंद २०८० च्या तक्त्यात होईल आणि तो आकडा ठरवायला आपल्याकडे अजून वेळ आहे.