फेरारीला घाम फोडणारी होंडा

फेब्रुवारी १९८९, शिकागोचा ऑटो शो. होंडाने तिथे दोन सीटची एक बुटकी, रुंद गाडी उभी केली. तीच पुढची एनएसएक्स. त्याच वर्षी फ्रँकफर्टला फेरारीने ३४८ आणली. दोघींचं इंजिन ड्रायव्हरच्या पाठीमागे, दोघींचे हेडलाइट बॉनेटमधून वर उघडणारे. कागदावर फेरारी सरस: ३.४ लिटरचं व्ही-८, ३०० हॉर्सपॉवर. होंडाचं ३ लिटरचं व्ही-६ जेमतेम २७०च्या आसपास. पण गाडी कागदावर चालवत नाहीत, आणि या दोघींची खरी गंमत सुरू होते ती स्टिअरिंग हातात आल्यावर.

पहिला गिअर सापडला का?

३४८चा गिअर चकाकत्या धातूच्या पट्टीतल्या खाचांमधून फिरतो. उघड्या खाचा, वर गोल काळी मूठ. पहिला गिअर मात्र डावीकडे खाली, म्हणजे नेहमीच्या गाडीत जिथे दुसरा असतो तिथे! थंड गाडीत दुसरा गिअर पडायलाच तयार नसतो. म्हणून मुरलेले फेरारीवाले गिअरबॉक्सचं तेल तापेपर्यंत पहिल्यावरून थेट तिसरा टाकतात. एकदा तेल तापलं की प्रत्येक गिअरला धातूवर धातू आदळून ‘खट्’ असा जो आवाज येतो, त्यासाठी माणसं वेडी होतात. हा वेडेपणा मला शंभर टक्के मान्य आहे.

एनएसएक्समध्ये शोधाशोध नाही. गिअर आखूड, मनगटाच्या झटक्यात पडणारा. क्लच हलका, त्यामुळे ट्रॅफिकमध्ये डाव्या पायाचे हाल होत नाहीत. जिथे हात जाईल तिथे बटण.

काचेआड लढाऊ विमान

होंडाच्या डिझायनरांनी एफ-१६ विमानाचं कॉकपिट डोळ्यांसमोर ठेवलं होतं. डॅशबोर्ड खाली, खांब बारीक, आणि ड्रायव्हरभोवती ३०० अंशांहून जास्त मोकळी नजर. इतक्या बुटक्या गाडीत मागचं सगळं दिसतं, ही त्या काळात चैनच होती. ३४८ची मागची बाजू ऐसपैस फुगलेली, कारण रेडिएटर दोन्ही कुशींत बसवलेत. दारांवरच्या त्या प्रसिद्ध आडव्या पट्ट्या त्यांनाच हवा पुरवतात. दिसायला मात्र काय देखण्या!

सेना म्हणाला, नाजूक आहे

सगळ्यात रंगतदार किस्सा सुझुका ट्रॅकवरचा. फॉर्म्युला वनचा ड्रायव्हर आयर्टन सेना तेव्हा होंडाच्या इंजिनावर मॅक्लारेन पळवत होता, आणि १९८८ची विश्वविजेतेपदाची माळ ताजी होती. होंडाने त्याला एनएसएक्सचा नमुना चालवायला दिला. तो उतरला आणि म्हणाला की गाडी जरा नाजूक वाटते. इंजिनिअर मंडळी मान खाली घालून जर्मनीतल्या नूरबर्गरिंगला गेली, महिनोन्‌महिने तिथेच गाडी पळवत राहिली आणि सांगाडा जवळपास निम्म्याने अधिक ताठ करूनच परतली. तोही अ‍ॅल्युमिनियमचा! पूर्ण अ‍ॅल्युमिनियम सांगाड्याची ही पहिलीच मोठ्या प्रमाणावर बनलेली गाडी. पोलादाच्या तुलनेत वजन जवळपास २०० किलो वाचलं.

दोघींतला फरक वळणावर कळतो. सुरुवातीच्या ३४८ची शेपूट जोरात वळताना पाय अचानक उचलला की झटकन बाहेर जायची. एनएसएक्स बरीच आधी इशारा देते. मात्र तिचे मागचे टायर पाहता पाहता झिजतात आणि त्यांचा खर्च मालकाला रडवतो.

वरचा सूर

होंडाचं इंजिन ५,८०० आरपीएमपर्यंत सभ्य. तिथून व्हीटेक, म्हणजे व्हॉल्व्हची उघडझाप बदलणारी यंत्रणा, जागं होतं, आवाजाचा पोत बदलतो आणि काटा ८,००० कडे धावतो. एवढे फेरे सोसावेत म्हणून कनेक्टिंग रॉड टायटॅनियमचे. फेरारीचं व्ही-८ मात्र पहिल्यापासूनच खरखरीत, तिखट, अंगावर येणारं. आवाजात माझं मत फेरारीला. सर्व्हिसिंगला नाही: ३४८चा टायमिंग बेल्ट बदलायचा तर अख्खं इंजिन खाली उतरवावं लागतं!

मग घाम कुणाला फुटला?

मॅक्लारेन एफ-१ ही रस्त्यावरची गाडी घडवणारा गॉर्डन मरी फेरारी, पोर्शे, लॅम्बोर्गिनी सगळ्या पारखून बसला होता. एनएसएक्स चालवल्यावर त्याने बाकीच्या कसोट्या बाजूला ठेवल्या. स्वतः एक घेतली आणि सुमारे ७५,००० किलोमीटर पळवली. होंडाकडे त्याने एफ-१साठी इंजिनही मागितलं. होंडाने नाही म्हटलं, म्हणून ते बीएमडब्ल्यूकडून आलं.

तिकडे लुका दी मोंतेझेमोलो १९९१च्या अखेरीस फेरारीचे अध्यक्ष झाले. त्यांनी ३४८ स्वतःच्या पैशांनी घेतली होती आणि रूप सोडलं तर तिने निराश केलं, असं ते उघडपणे सांगत. १९९४ला उत्तर आलं: एफ-३५५. पॉवर स्टिअरिंग, एका सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह, ८,५०० आरपीएमपर्यंत पळणारं इंजिन, आणि कुशीवरच्या पट्ट्या गायब. गिअरची उघडी खाच मात्र शाबूत, हे फार बरं केलं.

एनएसएक्स मूळ सांगाड्यावरच २००५पर्यंत बनत राहिली. तेवढ्या काळात फेरारीने ३४८नंतर ३५५, ३६० आणि एफ-४३० अशा तीन गाड्या बदलल्या.