नव्याने बांधलेलं इंजिन तेल का पितं?

२०१९ च्या पावसाळ्यात आमच्या जुन्या मोटारीचं इंजिन बांधून घेतलं. गाडी १९९२ सालची, वडिलांनी घेतलेली. इंजिन बांधायचं म्हणजे ते पूर्ण उघडायचं, झिजलेले सिलिंडर मशीनशॉपमध्ये बोअर करून घ्यायचे, थोड्या मोठ्या मापाचे पिस्टन आणि नव्या रिंगा बसवायच्या, व्हॉल्व्ह घासून पुन्हा सगळं जुळवायचं. खर्च चाळीस हजारांच्या घरात गेला. पाचशे किलोमीटर झाल्यावर तेलाची पट्टी काढून पाहिली, तर तेल खालच्या खुणेपर्यंत आलेलं. शिवाय इंजिनातून शिलाई मशीनसारखी टिकटिक.

गॅरेजवाल्यांना फोन केला. ते म्हणाले, "चालवा सर, रिंगा बसतील." दुसऱ्या एका जाणकाराने सांगितलं की रिंगा चुकीच्या बसल्यात, इंजिन पुन्हा उघडा. म्हणजे एकाचं ऐकून थांबलो आणि बिघाड खरा असला, तर नवं इंजिन खराब होणार. दुसऱ्याचं ऐकलं आणि बिघाड तिथे नसला, तर चांगलं बसलेलं काम उगाच उसकटलं जाणार. दोघांनीही गाडी पाहिलेली नव्हती.

आमच्या वसाहतीजवळ एक वयस्कर मिस्त्री आहेत. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "सर, तेल कुठं उभं करून मोजलं?" मी गप्प. आमच्या दारापुढे उतार आहे, आणि मी फेरफटका मारून आल्या आल्या पट्टी काढली होती. इंजिन बंद केल्यावर वरच्या भागातलं तेल खाली ओघळायला दहाएक मिनिटं लागतात. रोज प्रयोगशाळेत मोजमापं करणाऱ्या माणसाने हे विसरावं! पुढचे पाचशे किलोमीटर मी सकाळी, थंड इंजिनावर, एकाच सपाट जागी पट्टी पाहिली. तेल कमी होत होतं हे खरंच, पण ४०० मिलिलिटर. आधीच्या अंदाजाच्या निम्म्याहूनही कमी.

हे प्रमाण वर्गात करून पाहण्याजोगं आहे. सोयीसाठी हजार किलोमीटरला एक लिटर धरू. ताशी ६० किलोमीटर वेगाने हजार किलोमीटरला हजार मिनिटं लागतात. मिनिटाला २५०० फेरे धरले तर क्रँक २५ लाख वेळा फिरला. प्रत्येक सिलिंडरचं चक्र दोन फेऱ्यांत पुरं होतं, म्हणून चार सिलिंडरांची मिळून ५० लाख चक्रं. एक लिटर म्हणजे दहा लाख घन मिलिमीटर. भागाकार केला की एका चक्राला ०.२ घन मिलिमीटर येतं. तेलाचा एक थेंब ५० घन मिलिमीटरचा धरला तर एका वेळी थेंबाचा अडीचशेवा भाग! एवढं तेल कुठून निसटतं हे डोळ्यांनी शोधायचं म्हटलं तर अवघडच.

बाहेर गळती नाही याची खात्री इंजिनाखाली रात्रभर पुठ्ठा ठेवून केली. पुठ्ठा कोरडा राहिला. मग तेल जळतच होतं, आणि ज्वलनकक्षात शिरायला त्याला दोन मुख्य वाटा. एक खालून, पिस्टनच्या रिंगांपासून. दुसरी वरून, व्हॉल्व्हचा दांडा ज्या नळीत, म्हणजे गाइडमध्ये, सरकतो तिथून. तिथे तेल अडवायला बोटाच्या पेराएवढं रबरी सील असतं.

रिंगांबद्दल मला स्वतःचीच शंका होती. गाडी नवी म्हणून मी ती फार जपून चालवली होती. बोअर केलेल्या सिलिंडरवर मुद्दाम तिरके, एकमेकांना छेदणारे बारीक ओरखडे ठेवलेले असतात. त्यांचे उंचवटे रिंगांनी घासून सपाट व्हायचे असतात आणि खाचांत तेल टिकायचं असतं. रिंगेला भिंतीवर दाबून धरण्याचं बरंचसं काम तिच्या मागे शिरणारा ज्वलनाचा वायू करतो. भार न देता गाडी हळूच चालवली तर तो दाब कमी पडतो, रिंग घासण्याऐवजी तेलावरून घसरते, आणि भिंतीवर भाजलेल्या तेलाचा गुळगुळीत थर चढतो. मग रिंगा बसत नाहीत. 'नवं इंजिन जपा' हा सल्ला पूर्ण खरा नाही. ताणू नये हे बरोबर, पण मधून मधून चढावर भार द्यायला हवा.

मिस्त्री म्हणाले, "कात्रजच्या जुन्या घाटातून एक चक्कर मारू." चढताना त्यांनी मला मागे पाहायला बसवलं. धूर दिसला नाही. उतारावर त्यांनी पाय ॲक्सिलरेटरवरून काढला आणि गाडी गिअरमध्येच उतरू दिली. दोनेक किलोमीटरनंतर पुन्हा ॲक्सिलरेटर दाबला, तसा निळा लोट निघाला आणि विरून गेला.

ॲक्सिलरेटर सोडला की हवेची वाट जवळजवळ बंद होते, पण पिस्टन ओढतच राहतात. आत येणाऱ्या नळीतला दाब वातावरणाच्या दाबाच्या एक तृतीयांशाच्या आसपास उतरतो. सील निकामी असेल तर बाहेरचा दाब तेलाला गाइडमधून आत ढकलतो. ते साठतं आणि पुढच्या दाबासरशी जळतं. धूर निळा का? तेलाचे कण इतके बारीक असतात की ते निळा प्रकाश जास्त विखुरतात. आकाशाच्या निळेपणाशी हे नातं सांगितलं की मुलांना गंमत वाटते.

तरी घाईने निष्कर्ष काढायचा नव्हता, कारण कमी दाब रिंगांमधूनही तेल ओढू शकतो. म्हणून प्लग काढून चारही सिलिंडरांचा दाब मोजला. तो ११.४ ते ११.६ किलो प्रति चौरस सेंटिमीटर, म्हणजे सारखाच. प्रत्येकात चमचाभर तेल घालून पुन्हा मोजलं. रिंगा गळक्या असत्या तर तेलाने फट बुजून आकडा बराच चढला असता. तो जेमतेम हलला. मात्र ही परीक्षा वरच्या रिंगांची. तेल खरवडणारी खालची रिंग यातून कळत नाही. ती कसर प्लगांनी भरून काढली. तीन प्लग तपकिरी आणि कोरडे, तिसऱ्या सिलिंडरचा मात्र काळा, तेलकट. भिंतींवर थर चढला असता तर तो चारही सिलिंडरांत चढला असता, कारण जपून चालवणारा मी एकच होतो.

आता टिकटिक. इंजिनातले आवाज वेगवेगळ्या लयीत येतात. व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून टॅपेटचा आवाज दोन फेऱ्यांत एकदाच. क्रँकच्या बेअरिंगचा ठोका मात्र बहुधा दर फेऱ्याला. थांबलेल्या गाडीतही मिनिटाला ८४० फेरे असतात, ते कानाने कसे मोजणार? मिस्त्रींनी टायमिंग लाइट पहिल्या प्लगच्या वायरीला लावला. डिस्ट्रिब्यूटरच्या गाडीत ती ठिणगीही दोन फेऱ्यांत एकदाच पडते. दर चमकेला एकच टिक जुळत होती. म्हणजे आवाज वरचा, टॅपेटचा. हे कळल्यावर मला फार हायसं वाटलं. खोल, जड ठोका असता आणि सोबत तेलाचा दाब दाखवणारा दिवा लुकलुकत असता, तर इंजिन त्याच क्षणी बंद करावं लागलं असतं. तेलाच्या पातळ थराविना बेअरिंग मिनिटांत निकामी होतं.

नेमकी जागा शोधायला त्यांनी लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक झाकणावर आणि मूठ कानाशी धरली. धातूतून आवाज हवेपेक्षा कितीतरी कमी वाटेत विरतो. झाकण काढल्यावर एका टॅपेटची फट ०.२० ऐवजी ०.४० मिलिमीटर निघाली. तिचा लॉकनट नीट आवळलेला नव्हता. पाच मिनिटांत टिकटिक थांबली.

सील बदलायला हेड उतरवावं लागेल असं मला वाटत होतं. मिस्त्रींनी प्लगच्या भोकातून हातभर मऊ दोरी आत सारली आणि क्रँक हाताने फिरवून पिस्टन वर आणला. दोरीने व्हॉल्व्ह खालून दाबून धरले गेले, तसं वरच्या वर स्प्रिंग काढून सील उपसता आलं. सीलभोवतीची बारीक गोल स्प्रिंग गायब होती. बसवतानाच निसटली असावी.

त्यानंतर हजार किलोमीटरला तेल १५० मिलिलिटर लागलं. थंडीच्या सकाळी मिनिटभर एक ठकठक अजून येते. ॲल्युमिनियमचा पिस्टन ओतीव लोखंडाच्या सिलिंडरच्या जवळजवळ दुप्पट प्रमाणात प्रसरण पावतो. थंड असताना फट मोठी, म्हणून तो भिंतीवर आपटतो. तापला की आवाज जातो. मिस्त्रींनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ह्याला हात लावायचा नाही."