शाळा गेली की बोली जाते

बियाणे घरात जपले नाही तर वाण नाहीसे होते. भाषेचेही तसेच आहे. ब्रिटनमधील वेल्स हा मेंढपाळांचा डोंगराळ मुलूख. २०२१ च्या खानेसुमारीत तेथे वेल्श बोलणारे अवघे १७.८ टक्के भरले. शेतीवर राबणाऱ्यांत मात्र ही भाषा इतर धंद्यांपेक्षा अधिक टिकून आहे.

पट घटला म्हणून खेड्यातली शाळा बंद केली, तर तरुण कुटुंबे गावात राहायला कचरतात आणि बोली उघडी पडते. म्हणून २०१८ च्या नियमावलीनुसार, यादीतली ग्रामीण शाळा बंद करण्याआधी इतर पर्याय तपासावे लागतात. गावावर व वेल्श भाषेवर होणारा परिणामही मांडावा लागतो. तरीही काही शाळा बंद होतातच. पण हिशेब केवळ पैशाचा राहत नाही.

पट मोजताना गावही मोजावे, हेच खरे.