खतं जळाली तिथली वकिली

बारामती आणि इंदापूरच्या वकील संघटनांचा इतिहास अध्यक्षांच्या नामफलकापासून सांगायला सुरुवात करू नये, असं मला मनापासून वाटतं. तो सुप्याच्या बाजारातून सुरू होतो.

सुपं आज बारामती तालुक्यात आहे. तेव्हा ते भीमथडी तालुक्यात होतं. १२ मे १८७५ रोजी तिथं शेतकऱ्यांनी सावकारांची दुकानं फोडली आणि कर्जाची खतं, वह्या जाळल्या. राग त्या कागदांवर होता. १८५९च्या मुदतीच्या कायद्यानं साध्या खताला तीन वर्षांची मुदत घातली होती. ती संपत आली की व्याज मुद्दलात मिळवून नवं खत लिहून घेतलं जाई. दावा लागला तरी कर्जदार कूळ कोर्टाची पायरी चढत नसे. मग एकतर्फी हुकूमनामा होई आणि दरखास्तीत जमीन जाई.

१८७९चा दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायदा यातूनच आला. खताच्या मागं जाऊन मूळ व्यवहार तपासायचा अधिकार त्यानं न्यायाधीशाला दिला. वकिलांच्या दृष्टीनं त्यातली दोन कलमं फार बोलकी आहेत. एकानं शंभर रुपयांपर्यंतच्या दाव्यांत वकिलाला मज्जाव केला. दुसऱ्यानं, समोरच्यानं वकील दिला असेल आणि शेतकऱ्याला ऐपत नसेल, तर कोर्टानं त्याला वकील मिळवून द्यायची सोय केली. म्हणजे सरकारला वकिलाची भीतीही होती आणि गरजही. या भागातल्या वकिलीचा खरा प्रश्न तेव्हाच मांडला गेला: वकील कुणाच्या बाजूनं उभा राहतो? न्यायमूर्ती रानडे १८८०च्या दशकात याच कायद्याखालच्या कोर्टांची तपासणी करत फिरले.

पुढं नीरेचा डावा कालवा आला, ऊस आला, आणि भांडण कर्जावरून पाण्यावर, बांधावर, वाटपावर गेलं. १९४८च्या कूळकायद्यानं कोर्टाइतकीच मामलेदार कचेरीही वकिलांच्या रोजच्या पायाखाली आणली. इंदापूरची भीमाकाठची गावं उजनीच्या पाण्यात गेली, तेव्हा बुडालेल्या रानाला वाढीव मोबदला मागायचा तर भूसंपादनाचा संदर्भ अर्ज हाच रस्ता होता. एकेका सातबाऱ्यामागं तीन-तीन पिढ्यांचे वारस. असे दावे चालवताना वकिलाला कायद्याआधी भावकी समजावी लागते.

१९६१च्या अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टनं सनदेचा अधिकार राज्याच्या बार कौन्सिलकडे दिला. तालुक्याच्या संघटनेकडे राहिली ती बाररूम, निवडणूक, नव्या वकिलांचा आधार आणि कोर्टासाठीचा पाठपुरावा. यातली बाररूम मला सर्वांत मोलाची वाटते. वडिलांकडे वकिलीचा वारसा नसलेला मुलगा कैफियत लिहायला तिथंच शिकतो. किरकोळ दाव्यांचे कागद मुदतीनंतर नष्ट होतात. म्हणून ज्येष्ठांच्या आठवणी दोन्ही संघटनांनी आताच लिहून घ्यायला हव्यात.

बारामतीत अतिरिक्त जिल्हा व सत्र न्यायालय आल्यानं इंदापूरच्या पक्षकाराचा पुण्याचा हेलपाटा वाचला. उच्च न्यायालयाचं अंतर मात्र तेवढंच आहे. १८ ऑगस्ट २०२५पासून कोल्हापूरचं सर्किट बेंच सुरू झालं. सातारा, सोलापूर त्यात आले, पुणे जिल्हा नाही. नीरेपलीकडचा फलटणचा किंवा माळशिरसचा शेतकरी अपिलाला आता कोल्हापूर गाठतो. अलीकडचा बारामतीचा, इंदापूरचा शेतकरी त्याच नदीचं पाणी पिऊन मुंबईची गाडी धरतो.